जिज्जी, तो फॉल माझा होता

जिज्जी, आधी अक्षराची माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घाची तर जास्तच. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तिकडे भुसावळकडच्या शाळेत. त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं. आताही ओळ वर चढते आणि मग घसरत खाली येते. तुम्ही म्हणाल, मला कुठे वाचता येतं, तू वाकडं लिही नाहीतर सरळ. खरं आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायचा धीर झाला. समोर बसून मला कधी नीट बोलता आलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मराठीत लिहिते, कारण बोलायला हिंदी जमते, तुमची बुंदेली कळते, पण लिहायला शाळेतली भाषाच येते. तुम्हाला ती बावीस वर्षं ऐकून समजायला लागली होती. सुई बोटात गेली की मी जे पुटपुटायची, त्याचा अर्थ तुम्ही मला कधी विचारला नाही, पण हसायचात.

तुमचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले. तुमच्या मुन्नाने नव्या वस्तीत घरापुढे कापड बांधून पंगत घातली होती. माणसं मोजकीच आली. शेजारच्या एका बाईने मला विचारलं, अम्मांचं नाव काय होतं? मी अडखळले. आपल्या हात्यात, त्या पाच खोल्यांच्या वाड्यात, तुम्हाला सगळे समथरवाली म्हणायचे, मी जिज्जी म्हणायची. माहेरच्या गावावरून बायकांना हाक मारायची इथली रीत, म्हणून मी दक्खिनवाली झाले आणि तुम्ही समथरवाली. त्या बाईला ती रीत माहीत असेल, पण तुम्ही समथरच्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तुम्ही कोपऱ्यातल्या प्लॉटवाल्या अम्मा. ओरछा गेटच्या आपल्या गल्लीत तुम्ही गेला असतात तर भाजीवाल्याने गाडी तिथेच सोडली असती. तेव्हा मला तुमच्यासाठी वाईट वाटलं आणि मग रागही आला. तो राग जुनाच आहे.

आपला हाता म्हणजे काय होतं मोठं? एका अंगणाभोवती पाच खोल्या, मधे हापसा, मागे एक संडास. तुमची तिसरी खोली, माझी चौथी. माझे हे गेले तेव्हा आमची रेखा आठ वर्षांची होती. ते लग्नाकार्यात स्वयंपाक करायचे, त्यांच्यामागे घरात मोठी पातेली राहिली आणि दुसरं काही नाही. तेराव्यानंतर तुम्ही एक साडी आणून माझ्या मांडीवर टाकलीत आणि विचारलंत, तुरपाई येते का. मी मान हलवली. तेवढीच आपली बोलणी झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला माणिक चौकातल्या साड्यांच्या दुकानात घेऊन गेलात आणि मालकांना, भैयाजींना, सांगितलंत की ही बोलत नाही, पण टाका बारीक घालते.

तेव्हापासून एका साडीला आपण दोघी. फॉल माझा, पदराचे गोंडे तुमचे. तुम्ही त्यांना फुंदने म्हणायचात. अंगणात चटई, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी, मधे साडी. काम सुरू करण्याआधी तुम्ही साडी उलगडायचात, दोन्ही टोकं बघायचात आणि म्हणायचात, "पल्लो इतै है, देख लै." मी "हओ" म्हटल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. काही साड्यांची दोन्ही टोकं इतकी सारखी असतात की नवी बाई हमखास फसते. आपण कधी फसलो नाही, कारण तुम्ही विचारायचात आणि मी उत्तर द्यायची. दिवसभरात मी बोललेला तो एकच शब्द असायचा कधीकधी.

आणि दुकान दहा मिनिटांवर. सगळं त्या दहा मिनिटांवर होतं. गिऱ्हाईक गादीवर बसून सरबत पितंय, तेवढ्यात भैयाजींचा फोन, समथरवाली, दो घंटे में दे दोगी? दूरच्या बाईला ते काम कोण देईल?

मग गल्ली सुधारली. आधी लाल दगड बसवले. आपल्याला आवडले होते, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात चिखल नाही, तुमचे गुडघे दुखायचे कमी झाले. मग दिवे आले, भिंतींवर घोडे आणि तलवारी रंगवल्या. शिंप्याचं दुकान गेलं आणि तिथे कॉफीचं झालं. मी एकदा बाहेरच्या पाटीवरचा भाव वाचून दाखवला तर तुम्ही म्हणालात, म्हणजे तीन फॉल लावायचे आणि एक कप प्यायचा. किल्ला बघायला येणारी माणसं गल्लीत शिरायला लागली. एका मुलीने आपल्या दोघींचा काम करताना फोटो काढला आणि मैत्रिणीला म्हणाली, कितना असली लगता है. मी पदर पुढे ओढला. तुम्ही तिच्याकडे दहा रुपये मागितलेत. ती बिचारी पाकीट उघडायला लागली, तेव्हा हसून म्हणालात, रहन दे बेटा, असली वालों को पचास लगता है.

हसत होतो आपण, जिज्जी. घरमालकांची मुलं लखनौला असतात, त्यांनी हाता हॉटेलवाल्याला विकला आहे, हे कळेपर्यंत हसत होतो. हॉटेलवाल्याचा माणूस आला, आवाज न चढवणारा, प्रत्येकीला माताजी म्हणणारा. दिवाळीपर्यंत खोली सोडली तर ऐंशी हजार. नंतर कमी होत जाणार. वर गच्चीवर बसून किल्ला दिसतो म्हणे, तिथे जेवायची टेबलं येणार होती. त्या गच्चीवर आपण वीस वर्षं वड्या वाळवल्या, पण किल्ला नीट पाहिला नाही.

पहिल्या दोघांनी लगेच सही केली. मग पाचवीवाल्याने. उरल्या तुम्ही आणि मी. मी मनात धरून बसले होते की आपण दोघी हललो नाही तर तो काही करू शकणार नाही. हे तुमच्याशी बोलले मात्र नाही. आपलं ठरलेलं आहे असं मला वाटत राहिलं. आणि एका दुपारी तुम्ही सांगितलंत की अंगठा दिला. मुन्ना बायपासच्या पलीकडे प्लॉट घेतोय, त्याला पैसे कमी पडतात.

मी आयुष्यात कुणाला तोडून बोलले नाही. तुम्हालाच बोलले. म्हटलं, जिज्जी, तुम्ही मला विकलंत.

तुम्ही हातातला दोरा दातांनी तोडलात आणि शांतपणे म्हणालात, "किराए को कमरा हतो, बाई. किराएदार के पास बेचबे खों का होत?"

भाडेकऱ्याजवळ विकायला असतं काय, याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. कधी वाटतं तुम्ही बरोबर होतात, कधी वाटतं बावीस वर्षं अंगण झाडलं ते काय भाड्याचं होतं? हे भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही असतात तर अजून दहा वर्षं चाललं असतं, आणि मला ते चालायला हवं होतं.

मग मी बोलणं बंद केलं. इतर बायका भांडतात तेव्हा आवाज करतात, माझा आवाज बंद होतो. चटई दोघींची वेगळी झाली. साडी दुकानातून आली की मी माझ्या खोलीत फॉल लावायची, घडी करून तुमच्या उंबऱ्यावर ठेवायची, आणि तुम्ही तुमच्या खोलीत गोंडे करायचात. असे अकरा दिवस. ऐन लग्नसराईचे.

ती चंदेरी साडी त्या अकरा दिवसांतलीच. फिकट मोतिया, दोन्ही टोकांना सारखाच जरीचा पट्टा, पदर ओळखायचा तो फक्त एका बारीक बुट्टीच्या ओळीवरून. कुणा मुलीच्या आईची होती, दुसऱ्या दिवशी लग्न. मी ती उलगडली आणि माझ्या मनात आलं की जिज्जींना टोक विचारावं. तुमचं दार चार पावलांवर होतं. तुम्ही डाळ निवडत होतात, मला दिसत होतात. मी विचारलं नाही. मलाही कळतं, असं म्हणून एक टोक धरलं आणि फॉल लावला. टाके असे बारीक पडले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग घडी तुमच्या उंबऱ्यावर. तुम्ही बोटांनी बुट्टी शोधलीत, खरं टोक मांडीवर घेतलंत आणि गोंडे केलेत. फॉल वीतभर आत सुरू होतो. तो हाताला लागला नाही. आणि माझं काम तपासायची तुम्हाला सवयच नव्हती.

दुकानात भैयाजींनी साडी गादीवर फेकली तशी ती उलगडत गेली. गोंडे जिथे, फॉलही तिथेच, पायाशी यायचा तो पदराला. गिऱ्हाईक बाई समोर बसलेली. तिथल्या तिथे फॉल उसवला तर त्या तलम कपड्यावर टाक्याटाक्याचं भोक, तेही पदराच्या काठाला. बाई उठून गेली. भैयाजींनी विचारलं, ये किसने किया? मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या तोंडात शब्द तयार होता. तो बाहेर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात तुम्ही बोललात.

"हमने लगाओ हतो फॉल, भैयाजी. ई खों तो बुखार हतो. अब आँखन से दिखात नइयाँ."

मला ताप नव्हता, जिज्जी. तुमचे डोळेही ठीक होते. साडीचे सहा हजार तुम्ही पदराच्या गाठीतून काढून तिथेच दिलेत, हॉटेलवाल्याने आगाऊ दिलेल्या पैशांतले. वाटेत मी रडत होते आणि तुम्ही वैतागून म्हणालात की रडायचं काय त्यात, मी तर चाललेच आहे बायपासपलीकडे, माझं काम तसंही सुटणार, तुझं टिकलं पाहिजे. सहा हजार मात्र तू फेडायचे, मी काही सावकार नाही आणि दानी पण नाही. मी हो म्हटलं. त्या दिवशी आपण पुन्हा एका चटईवर जेवलो. साडी तुम्ही रेखासाठी ठेवून घ्यायला लावलीत. ग्वाल्हेरला तिच्या नणंदेच्या लग्नात ती नेसली. कुणालाही काही दिसलं नाही. तिने फोटो पाठवला तेव्हा तुम्ही मोबाईल हातात घेऊन काठ निरखलात आणि म्हणालात, फुंदने तो अच्छे बने हैं.

दिवाळीआधी तुम्ही गेलात. महिन्यातून एकदा मी पाचशे, कधी सातशे घेऊन यायची. दोन टेंपो बदलून सव्वा तास. घर बिनगिलाव्याचं, समोर मोकळे प्लॉट, पाण्याचा टँकर एक दिवसाआड. झाड नाही, चौक नाही, दारं सगळी बंद. सुनेने चांगली गादी घातली होती तुम्हाला, तिला नाव ठेवायचं नाही मला. पण तुम्ही उंबऱ्यात बसून एका जुन्या ओढणीच्या काठाला गोंडे बांधत होतात, आणि बांधून झाले की सोडत होतात, परत बांधायला.

मी विचारलं, दुकानातून साड्या का आणत नाही, आठवड्यातून दोनदा तरी? तेव्हा सून आतून म्हणाली की भैयाजींनीच आमच्या यांना सांगितलं, अम्मांना कामाला पाठवू नका, नजर गेली आहे, परत नुकसान होईल. मुन्नाही रागावला होता, लोक काय म्हणतील, आंधळ्या आईला कामाला लावतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विषय बदललात. सुईत दोरा मात्र माझ्यासमोर एका झटक्यात ओवलात.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सून दारात उभी होती. मी चहा प्यायले. प्रत्येक वेळी चहा प्यायले आणि परत आले. तुम्ही माझं काम वाचवायला एक खोटं बोललात, त्या खोट्याने तुमचं काम गेलं, आणि ते परत देणं माझ्या एका वाक्यावर होतं. भीती एवढीच की भैयाजी मला साड्या द्यायचे बंद होतील. मग त्या खोलीला धरून राहण्यात तरी काय अर्थ उरणार होता?

शेवटच्या खेपेला तुम्ही म्हणालात, इथे दिवस फार लांब आहे. मला वाटलं उन्हाळ्याबद्दल बोलताय.

तेराव्याहून आल्यावर मी तीन दिवस दुकानाच्या रस्त्याने गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडतानाच पोचले. भैयाजी उदबत्ती लावत होते. मी घोकून गेले होते, ते एका दमात म्हटलं.

"भैयाजी, वो चंदेरी का फॉल मैंने लगाया था. मुझे बुखार नहीं था. समथरवाली की आँखें ठीक थीं."

त्यांनी उदबत्ती खोचली, हात झटकले, आणि वळून माझ्याकडे बघितलं. कदाचित माझा एवढा मोठा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. म्हणाले, अब बता रही हो. एवढंच. मग दोन साड्या पुढे सरकवल्या, नेहमीसारख्याच. फक्त आता परत नेऊन दिल्या की माझ्यासमोर पूर्ण उलगडतात आणि टोकं बघतात. मी उभी राहते. बरोबरच आहे ते.

हाता आता हाता नाही, जिज्जी. तुमची खोली पाडून तिथे जिना होतोय. हापसा काढला, मी दोन महिने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावरून पाणी आणलं. तो माणूस अजूनही माताजीच म्हणतो. संडासाची भिंत पाडली तेव्हाही आधी माताजी म्हणाला. परवा मी सही केली. पासष्ट हजार मिळाले, तुमच्यापेक्षा पंधरा कमी. हसा. माणिक चौकामागे एका जिन्याखाली खोली मिळाली आहे, भाडं इथल्या सहापट. दुकान मात्र पाच मिनिटांवर आलं. किती दिवस परवडेल माहीत नाही. सही करताना तुमचं ते वाक्य आठवलं, किराएदार के पास बेचबे खों का होत. मी त्या माणसासमोर मान खाली घालून बसले होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

त्या पैशांतून सगळ्यात आधी अडीच हजार बाजूला काढले. तुमचे तेवढेच उरले होते. काल दुपारी मुन्नाकडे गेले. तो नको म्हणत होता, मौसी रहने दो, अम्मा होती तो भी न लेती. मी म्हटलं, अम्मा घेत होती, दर महिन्याला घेत होती, मोजूनही घेत होती. त्यावर तो हसला. सून पाणी घेऊन आली, ती तिथे असतानाच मी सांगितलं. फॉल कुणी लावला होता ते, ताप नव्हता ते, आणि अम्मांना शेवटपर्यंत सुईचं नाकं दिसत होतं ते. मराठी, हिंदी, जसं येईल तसं सांगितलं.

मुन्नाने तिच्या हातातून पेला घेऊन खाली ठेवला. मग विचारलं, "तो हमने उनको घर में काहे बैठा के रखा?"

माझ्यामुळे, असं मी म्हटलं, पण फार हळू, त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. सुनेने उंबऱ्यातली ओढणी उचलून आत नेली. मी पाचशेच्या पाच नोटा त्याच्या हातात ठेवल्या आणि हात मागे घेतला नाही, तो मूठ मिटेपर्यंत. त्याने नोटा एक एक करून मोजल्या, तुम्ही मोजायचात तशा, अंगठा जिभेला लावून. शर्टाच्या खिशात घातल्या आणि खिशावर हात ठेवून म्हणाला,

"पूरे हो गए, मौसी."